सातबाऱ्यावरची हेरल्ड

अधिक महिन्यात जावयाला काय द्यायचं यावरून आमच्या घरी आजवर कधी वाद झाला नाही. तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन, तो जन्मात नेसणार नाही असं एक धोतर आणि वर एक पाकीट. २०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हाही बायकोनं तांदूळ भिजत घातले होते. तेवढ्यात पुण्याहून जावयाचा फोन आला.

"बाबा, या वेळी चांदी नको. मला एक हेरल्ड शोधून द्या."

"देतो की. कोणत्या तारखेचा अंक?"

पलीकडे जरा शांतता पसरली. मग तो म्हणाला, "पेपर नाही बाबा. गाडी. स्टँडर्ड हेरल्ड. जुनी ब्रिटिश गाडी."

आमचा जावई कॉम्प्युटरवाला आहे. त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली एक हेरल्ड उभी असते, हे आम्हाला लग्नानंतर कळलं. सोयरीक जुळवताना आम्ही मुलाचा पगार, पत्रिका, रक्तगट, चष्म्याचा नंबर असं सगळं विचारून घेतलं होतं. ताडपत्रीखाली काय आहे हे विचारायचं राहिलं. तर हा आणि याच्यासारखेच आणखी काही गृहस्थ सध्या महाराष्ट्रात किती हेरल्ड शिल्लक आहेत याची मोजदाद करतायत. प्रत्येकानं एकेक मुलूख वाटून घेतलाय. विदर्भ जावयाकडे आला, म्हणजे वऱ्हाड आपोआप माझ्याकडे आला. १८५३ साली निजामानं इंग्रजांना वऱ्हाड लिहून दिला, तेव्हाही वऱ्हाडाला कुणी विचारलं नव्हतंच.

त्यानं एक फॉर्म पाठवला. मॉडेल, रंग, चासी नंबर, इंजिन नंबर, सद्यस्थिती चालू की बंद, आणि सगळ्यात खाली 'गाडी सध्या कुठे आहे', त्यापुढे एक ओळ मोकळी. शिवाय एक तोंडी पुरवणी होती. त्याच्या स्वतःच्या गाडीचं बॉनेट सडलेलं होतं. कुठे चांगलं बॉनेट दिसलं तर बोलून ठेवा, म्हणाला.

बायकोनं एवढंच विचारलं, "अधिकाचं वाण तेहतिसाचं असतं. एका गाडीनं कसं भागंल?"

ज्यांनी हेरल्ड पाहिली नाही त्यांच्यासाठी जरा थांबतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्या जन्मातच आहे. विलायतेत कॉव्हेंट्री नावाच्या गावी स्टँडर्ड मोटर कंपनी होती. तिला १९५० च्या दशकात नवी छोटी गाडी काढायची होती. पण गाडीची एकसंध पत्र्याची कुडी ठोकून देणारा कारखाना नेमका प्रतिस्पर्ध्यानं विकत घेतला. आता कुडी कोण करून देणार? तेव्हा कंपनीनं जुन्या पद्धतीची वेगळी चासी केली आणि तिच्यावरची कुडी तुकड्यातुकड्यांत बनवली. पुढचा भाग वेगळा, मधला वेगळा, मागचा वेगळा, टप वेगळं. हे सगळं नटबोल्टांनी आवळायचं. नकाशा काढला इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीनं, त्यामुळे ठिगळं असूनही पोरगी देखणी निघाली. विक्रीला आणण्याआधी दोन गाड्या केपटाउनपासून टँजियरपर्यंत अख्खी आफ्रिका तुडवून आणल्या. १९५९ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये समारंभ झाला, तेव्हा लोकांच्या डोळ्यांदेखत स्टेजवर सुटे भाग आणले आणि काही मिनिटांत गाडी जोडून दाखवली. टाळ्या पडल्या. जी गाडी काही मिनिटांत जोडता येते ती काही मिनिटांत सोडवताही येते, हे त्या सभागृहात कुणाच्या डोक्यात आलं नसावं. तिथं वऱ्हाडातलं कुणी नव्हतं.

नावाचीही गंमत आहे. तोवर विलायतेत 'स्टँडर्ड' या शब्दाचा अर्थ 'साधी, बिनसजावटीची' असा घसरत आला होता. म्हणून त्यांनी तिथं ती 'ट्रायम्फ हेरल्ड' म्हणून विकली. आपल्याकडे १९६१ मध्ये मद्रासच्या कारखान्यातून ती निघाली ती मात्र 'स्टँडर्ड हेरल्ड' म्हणूनच, आणि आपल्याकडे तर स्टँडर्ड म्हणजे काय विचारता! 'मुलाकडची माणसं एकदम स्टँडर्ड' असं म्हटलं की आमच्याकडे मुलीचा बाप दोन एकर विकायला काढतो. तेव्हा देशात रस्त्यावर मुख्यतः तीनच गाड्या होत्या. अँबॅसेडर पुढाऱ्यांची, फियाट वकिलांची आणि हेरल्ड ज्याला बायकोला शेजारी बसवून चिखलदऱ्याला न्यायचंय त्याची. सुरुवातीला तिला दोनच दारं होती. मागं बसायचं तर पुढची सीट दुमडायची, वाकायचं आणि आत घुसायचं. नऊवारीतल्या आजीला मागं बसवणं हा त्या काळी घरचा एक कार्यक्रमच असे. शेजारी बघायला येत. पुढे चार दारांची आली, १९७१ मध्ये गाडीच बंद झाली.

एवढा अभ्यास करून मी शोधाला निघालो. पहिला मुक्काम अमरावती, आमचंच गाव. गिल्या वड्याच्या गाडीवर उभा राहून मी सहज विषय काढला, "भाऊ, इकडं कुणाकडे हेरल्ड होती काहो?"

वडेवाल्यानं झारा हलवत सांगितलं, "हेरल? हाये न!"

इथं एक खुलासा हवा. वऱ्हाडी माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. तुम्ही त्याला विचारा, तुमच्याकडे गेंडा आहे का? तो म्हणेल, "हाये न! माह्या सासऱ्याच्या वावरात होता. आता आसंन का नाई, पा लागंन." यात खोटेपणा नसतो; समोरच्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, एवढाच भाव. पण मोजदाद करणाऱ्याचा यात जीव जातो. माझ्यापर्यंत पहिल्या आठवड्यात एकोणीस हेरल्डची वर्दी आली. बायको खूश झाली, तेहतिसाला चौदाच कमी.

त्या एकोणिसांतल्या दोन अँबॅसेडर निघाल्या, पाच फियाट, एक मेटॅडोर, तीन जिपा, एक लॅम्ब्रेटा. उरलेल्या 'काल-परवापर्यंत होत्या'. सक्करसाथमधल्या एका अँबॅसेडरवाल्यानं तर मला धारेवरच धरलं. "ब्रिटिशच होय न जी हे! मॉरिस ऑक्सफर्ड हाये मुळातली. काहून नाई चालत?" माणूस शंभर टक्के बरोबर होता. अँबॅसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डचीच तिसरी आवृत्ती; १९५० च्या दशकाच्या शेवटापासून २०१४ पर्यंत बंगालात निघत राहिली. विलायतेत जन्मलेल्या पोरीला आपण सून म्हणून आणलं आणि सरकारी नोकरीत चिकटवलं. पण जावयाच्या फॉर्ममध्ये ती बसत नव्हती. "तुमच्या जावयाले समजत नाई," असा निकाल देऊन त्यानं चहा पाजला.

मूर्तिजापूरच्या स्टेशनाबाहेर एक म्हातारबुवा भेटले. मी म्हटलं, जुनी ब्रिटिश गाडी शोधतोय. ते काठी टेकत मला अरुंद रुळांपाशी घेऊन गेले. "हे घ्या. शकुंतला. याच्याहून जुनी ब्रिटिश गाडी पायजे?" शकुंतलेपुढे कुणाचं काय चालणार? आमचा कापूस वाहून न्यायला किलिक-निक्सन कंपनीनं टाकलेली ही लाइन. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ मध्ये रुळावर आलं आणि १५ एप्रिल १९९४ ला उतरलं. सत्तर वर्षं! कापूस मँचेस्टरला जायचा, तिकडून इंजिनं यायची, आणि मधल्या मधे शकुंतलेतून उतरून लघवीला जाऊन लोक परत तिलाच पकडायचे. मी म्हातारबुवांना म्हटलं, आजोबा, ही जावयाच्या पार्किंगमध्ये मावणार नाही.

मेळघाटात वाघ मोजतात ते काम मला तेव्हा फार सोपं वाटायला लागलं. वाघ दिसला तर दिसतो. नाही दिसला तरी निदान जीप बघून कुणी 'हाच वाघ' म्हणत नाही.

खरा माग लागला तो एका फोटोवरून. परकोटाच्या आत, जवाहर गेटजवळ एका जुन्या वाड्यात तेराव्याला गेलो होतो. भिंतीवर फोटो: दोन दारांची गाडी, मागचे माशाच्या शेपटीसारखे दोन कंगोरे वर आलेले, बॉनेटवर झेंडूचा हार, शेजारी मुंडावळ्यांतली नवरी. हेरल्ड! चौकशी केली तर गाडी दर्यापूरकडच्या एका पाटलांची. साठच्या दशकात बरा भाव आला तेव्हा कापसाच्या चुकाऱ्यात घेतलेली. पाटील गेले. चार मुलगे, एक मुलगी. थोरले इथंच, रुक्मिणीनगरात.

मी तडक थोरल्या भाऊसाहेबांकडे. त्यांनी ओसरीत बसवलं, पाणी आलं, चहा आला, पाऊसपाण्याची चौकशी झाली. मी म्हटलं, "तुमच्याकडे हेरल्ड होती म्हणे?"

"होती काय? हाये न!"

मी एक सुस्कारा टाकला. विसावी वर्दी.

"कुठं आहे?"

"तुम्ही बसून रायले न तिच्यावर."

मी उठून पाहिलं. ज्या लांबट बैठकीवर मी बसलो होतो ती हेरल्डची मागची सीट होती. लाल रेक्झिन, कडेला पांढरी गोठ, मधोमध एक चीर आणि त्यातून काथ्याची शेंडी बाहेर आलेली. तीच इतका वेळ मला मांडीला टोचत होती. खाली पाय म्हणून सागवानी ठोकळे. बसलं की आतली स्प्रिंग हार्मोनियमच्या खालच्या सासारखी वाजायची. पुढच्या दोन सीटा दारापाशी समोरासमोर, पाहुण्यांसाठी. थोरल्या वहिनींनी मला देवघरही दाखवलं. तिथं टाकांच्या रांगेत, खंडोबाच्या शेजारी, हेरल्डच्या तोंडावरचं चकचकीत चिन्ह बसलं होतं. सासूबाईंनी ठेवलं, म्हणाल्या. दसऱ्याला गाडीची पूजा करायचे. गाडी नसली तरी पूजा चुकायला नको. रोज आंघोळ, रोज गंध. कॉव्हेंट्रीत कुणाला पटेल?

"आणि बाकीची गाडी?"

भाऊसाहेबांनी पानाचा डबा उघडला. हे चिन्ह बरं असतं.

१९८० च्या दशकात भाऊ वेगळे निघाले. वऱ्हाडात हिस्से-वाटणी म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. वावराचे चार तुकडे, वाड्याचे चार खण, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, एका आंब्याच्या चार फांद्या. दोन बंड्या, एक दमणी आणि एक रेंगी, तीही चारांत बसली. राहिली हेरल्ड. ती तेव्हा चालत नव्हतीच. तिच्या पुढच्या चाकाच्या सांध्याला तेल घालायचं असतं, गिअरचं जाड तेल. विलायती पुस्तकात तसं लिहिलेलं होतं, पण पुस्तक इंग्रजीत आणि मिस्त्री तालुक्याचा. दर शनिवारी मारुतीला न चुकता तेल घालणारा तो भला माणूस गाडीला मात्र वर्षानुवर्षं ग्रीस भरत राहिला. ग्रीस आटलं, सांधा आतून गंजला आणि एके दिवशी अकोल्याहून येताना गाडीचं पुढचं चाक उंटानं गुडघा टेकावा तसं आत दुमडलं. तेव्हापासून कोठ्यात, तुरीच्या कुटाराखाली.

तर गाडी कोणाची? पंच बसले. विकून पैसे वाटा, असं एकानं सुचवलं. "बाबाची गाडी इकता?" म्हणून चौघंही त्याच्यावर धावून गेले. एकानं ठेवावी आणि बाकीच्यांना मोबदला द्यावा, तर कुणालाच तिघांना पैसे द्यायचे नव्हते. रात्रीचे अकरा वाजले. मग तोच ग्रीसवाला मिस्त्री, इतका वेळ वट्ट्यावर बिडी ओढत बसलेला, म्हणाला, "भांडता कायले? हे गाडी खुलते."

मिकेलोत्तीच्या आत्म्याला त्या क्षणी ठसका लागला असणार. पाना आला, कंदील आला. जी गोष्ट लंडनच्या स्टेजवर काही मिनिटांत घडली ती इथं उलट्या क्रमानं पहाटेपर्यंत चालली, कारण प्रत्येक नटावर चौघांचं एकमत व्हावं लागे. सीटा आणि समोरचं चिन्ह थोरल्याला. इंजिन आणि गिअरबॉक्स दुसऱ्याला. दारं, डिकीचं झाकण आणि मधली भिंत तिसऱ्याला. चासी आणि बॉनेट धाकट्याला, तो गावातच राहणार आणि जड सामान हलवायला नको म्हणून. टप आईला, ती आहे तोवर. तिनं त्यावर वाळवणं घातली. लेखी झालं, सह्या-अंगठे झाले. एकसंध घडवलेली अँबॅसेडर घेतली असती तर हे कुटुंब आज कोर्टात असतं.

दुसऱ्या दिवशी मी मूर्तिजापूरला निघालो. रस्त्याचं एक सांगायलाच हवं. हेरल्ड चालत होती तेव्हा अमरावती-अकोला रस्त्यानं माणसाचे टाके उसवत. २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरचं डांबर १०५ तास ३३ मिनिटांत एका दमात टाकून गिनीज बुकात विक्रम केला. म्हणजे गाडी होती तेव्हा रस्ता नव्हता आणि रस्ता आला तेव्हा गाडीची दारं एका गावी, इंजिन दुसऱ्या.

मूर्तिजापूरच्या दुसऱ्या भावांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. त्यांनी ते ९४८ सीसीचं इंजिन लाकडी फळीवर बसवून जनरेटरला जोडलं आणि पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवलं. "अर्ध्या तालुक्याचे लगन याच्या उजेडात लागले," ते म्हणाले. आता ते मांडवाच्या कापडांमागे, नवरदेवाच्या सिंहासनाशेजारी ठेवलंय. मी फॉर्म काढून विचारलं, "चालू की बंद?" हा प्रश्न त्यांना झोंबला. त्यांनी हँडल लावलं, बाह्या वर केल्या, पोट्ट्याला कार्ब्युरेटरवर हात धरायला सांगितला आणि फिरवलं. तिसऱ्या फिरक्याला इंजिन एकदा खोकललं, काळा धूर आला आणि सिंहासनावरची मखमल काजळली. "पायलं?" ते म्हणाले. मी फॉर्मवर लिहिलं: 'खोकते.'

अकोल्यात जठारपेठेकडे तिसऱ्या भावाचं किराणा दुकान. मी शंभर पावलांवरूनच ओळखलं. दुकानाच्या काउंटरला हेरल्डची दोन्ही दारं शेजारी शेजारी बसवलेली, काचांसकट. गिऱ्हाईक आलं की ते आतून हँडल फिरवून काच खाली घेत, पैसे घेत, साखर देत आणि दुपारी दीड वाजला की काच वर करून आत जेवायला बसत. काचेवर टकटक केली तर आतून हातानं 'चारनंतर' अशी खूण. मागं भिंतीवर डिकीचं झाकण टांगलेलं, त्यावर रंगवलेलं: 'आज रोख, उद्या उधार.' अकोल्याच्या मे महिन्यात इतर दुकानांचे पत्रे वितळायला येतात, याची काच अजून पहिल्यासारखी वर-खाली होते. मी जरा फिरवून पाहिली. लोण्यासारखी! चासीच्या नंबराची पट्टी त्यांच्याच वाट्याच्या तुकड्यावर होती. ती त्यांनी वजनकाट्याला खिळ्यांनी ठोकलीय, "पितळाची दिसते, बरी दिसते" म्हणून.

मी मनाशी हिशेब घालत होतो. विलायतेतले लोक १९१९ ते १९३० दरम्यानच्या गाडीलाच व्हिंटेज म्हणतात. त्या मापानं आमची हेरल्ड कालची पोर. पण भारत सरकारनं २०२१ मध्ये नियम केला की पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटली की गाडी व्हिंटेज. तिला व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, वीस हजार रुपये भरायचे, दहा वर्षांची नोंदणी. अट एक, गाडीचा मूळ सांगाडा बदललेला नको. आमचा तर तसूभरही बदलला नव्हता, फक्त दोन जिल्ह्यांत पसरला होता.

धोंड्याच्या जेवणाला जावई आला. त्याला अनारसा भरवताच तो म्हणाला, "बॉनेट बघू या." पाऊस रपरपत होता. त्याची नवी गाडी डांबर संपेपर्यंत ऐटीत आली आणि काळ्या मातीत शिरताक्षणी चारी चाकांना कणकेसारखे गोळे बांधून बसली. शेवटी धाकट्या भावांनी बंडी पाठवली. पुण्याचा जावई, डोक्यावर पोतं, हातात मोजायची टेप, बंडीत बसून विलायती गाडी बघायला चाललाय, हा फोटो माझ्या मुलीनं जपून ठेवलाय.

नाल्यावर चासी आडवी टाकलेली, वर फळ्या. ती ओलांडून गेलो. पलीकडे विहीर आणि विहिरीवर बॉनेट. हेरल्डचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नव्हे. पुढचे दोन्ही मडगार्ड, दिवे, तोंड असा सगळा पुढचा भाग एका तुकड्यात मगरीच्या जबड्यासारखा पुढे कलंडतो. मिस्त्री लोक चाकावर बसून इंजिनात हात घालत. इथं ते मोटरपंपावर कलंडत होतं. धाकट्यानं बिजागरीसुद्धा मूळचीच ठेवली होती. बॉनेटचं काम इंजिन झाकणं. ते अजून इंजिनच झाकत होतं, पाच हॉर्सपॉवरचं. दिव्यांच्या भोकांत दोन्हीकडे स्टीलच्या वाट्या बसवलेल्या, पाणी जाऊ नये म्हणून. गंज? औषधाला नाही. दर दिवाळीला ऑइलपेंट.

जावई त्या बॉनेटकडे ज्या नजरेनं बघत होता त्या नजरेनं त्यानं माझ्या मुलीकडे बघितल्याचं मला आठवत नाही. हळूच म्हणाला, "काका, याचं काय घ्याल?"

धाकट्यानं पावसाकडे पाहिलं. "तुमी जावई हा. तुमाले नाई कसं म्हनू? पन माहा पंप उघडा पडते."

"मी पंपाला पक्की शेड बांधून देतो."

"ते बी खरं. पन मंग बाकीचे तिघं म्हनतीन, यानं आपला हिस्सा इकला. बाबाची गाडी इकली म्हनतीन." जरा थांबून तो म्हणाला, "पुरी नेत असान तं न्या. सबन गाडी. मंग कोनाचं काई म्हननं नाई."

जावयाचे डोळे लकाकले. बाकीच्या तिन्ही भावांना त्याच दिवशी फोन झाले. थोरले म्हणाले, दुसऱ्यानं इंजिन द्यावं, मी सीटा देतो. दुसरे म्हणाले, तिसऱ्यानं दारं काढावीत, मग बघू. तिसरे म्हणाले, काउंटर आधी नवं होऊ दे, आणि देवघरातलं चिन्ह येणार आहे का ते वहिनीला विचारा. वहिनी म्हणाल्या, टाक देवघरातून हलत नसतो. टप कुठं गेलं ते कुणालाच आठवेना.

आणि मग अकोल्याहून आत्याबाईंचा फोन आला. फोटोतली नवरी, या चौघांची बहीण. वय ऐंशीच्या वर, आवाज ठणठणीत.

"काय गा, गाडी जोडून रायले म्हने तुमी?"

मी म्हटलं, "विचार आहे, आत्याबाई."

"वाटली तवा मले कोनी इचारलं नाई. पोरीले हिस्सा नसते म्हने. आता कायदा झाला न? १९९४ सालीच झाला, माहा नातू वकील हाये." महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा देशाच्या अकरा वर्षं आधी दिला, ही गोष्ट खरी आहे, पण तो कायदा हेरल्डच्या पाचव्या हिश्श्यालाही लागू होईल, हे तो करणाऱ्यांच्या मनात असेल असं वाटत नाही. "मीनं तवाच चावी उचलली. अन् कागद बी. आरसी बुक माह्या पेटीत हाये, लुगड्याच्या घडीत. तुमची गाडी चार जागी असंन. कागदावर थे एकच हाये, अन् तो कागद माह्यापाशी हाये."

"मग काय करायचं म्हणता?"

"जोडा न. म्या कायले नाई म्हनू? जोडली का पयले मले मूर्तिजापूरपावतर न्यायचं. सासरी येतानी तिथी चहा प्यालो होतो."

जावई दुसऱ्या दिवशी बंडीतून, मग ट्रॅक्टरनं ओढून काढलेल्या आपल्या गाडीतून पुण्याला गेला. जाताना फॉर्म माझ्या हातात ठेवला, "बाबा, तुम्हीच भरा." रात्री मी चष्मा पुसून बसलो. वऱ्हाडातील एकूण हेरल्ड: एक. रंग: लाल, हिरवा ऑइलपेंट, काही भाग गंधाचा. चासी नंबर: वजनकाट्यावर. सद्यस्थिती: प्रत्येक ठिकाणी कामावर. 'गाडी सध्या कुठे आहे' यापुढच्या एका ओळीत अमरावती, मूर्तिजापूर, अकोला, दर्यापूर तालुका आणि लुगड्याची घडी कशी बसवावी या विचारात होतो, तोच फोन वाजला. अनोळखी आवाज, अचलपूरहून.

"भाऊ, तुमी हेरल शोधून रायले म्हने?"

मी अगदी दमलो होतो. "हो. तुमच्याकडे आहे?"

"पुरी नाई जी. आमच्या मिस्तरी बुढ्यानं त्या राती एक स्टेपनी आनली होती. वाटनीत कोनी मांगितली नाई म्हने."

मी मार्जिनमध्ये वाकडं लिहून 'अचलपूर' बसवलं.